अन्नछत्रातील विद्यार्थी : धर्मानंदांच्या ‘निवेदना’चे पुनर्वाचन

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यास आता शंभर वर्षे होऊन गेली. आमच्या समाजात ह्या ग्रंथाविषयी आदर पुष्कळ आहे. वाचन मात्र त्या मानाने बेताचेच आहे. देवस्थानांच्या वार्षिकोत्सवात गुणी विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, आणि त्या प्रसंगी कोणी ना कोणी वक्ता धर्मानंदांचे नाव घेतल्यावाचून राहत नाही. साखवाळच्या माडांच्या बागेतून निघालेला, कोणतीही पदवी नसलेला एक तरुण काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश करीत करीत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचला, ही कथा सांगावयाची. ‘जिद्द असली म्हणजे काय अशक्य आहे?’ असा प्रश्न श्रोत्यांस टाकावयाचा. आणि नारळ व प्रसाद स्वीकारून खाली बसावयाचे, असा परिपाठच पडून गेला आहे. असे भाषण मीही एकदोनदा केले आहे, तेव्हा हा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याचा माझा विचार नाही.

जिद्दीची कथा म्हणून ‘निवेदन’ वाचणे हे त्याचे अर्धेच वाचन होय, आणि उरलेले अर्धे आपल्या गैरसोयीचे असल्यामुळेच आपण ते वगळीत आलो आहो, एवढेच मला ह्या लेखात दाखवावयाचे आहे. हे मला कोणा समीक्षकाने शिकविले नाही. ते एका विद्यार्थ्याने शिकविले. आणि तेही पुस्तक परत करताना, सहज बोलल्यासारखे.

मी कामरेजला वकिली करतो. सुरतेपासून जवळच, तापीच्या काठी वसलेले हे गाव. आसपास ऊस पुष्कळ. दरवर्षी पावसाळा सरला की डांग, नवापूर, नंदुरबार, धुळे ह्या बाजूंनी ऊसतोड्यांच्या टोळ्या दक्षिण गुजरातेत उतरतात. त्यांना इकडे ‘कोयता’ असेच म्हणतात. हत्याराचे नाव माणसाला पडले आहे. अशाच एका कुटुंबातला एक तरुण काही वर्षांपूर्वी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करून घ्यावयास माझ्याकडे आला. आईबाप तोडीस आले आणि पुढे येथेच राहिले. मुलगा येथेच शिकला. बारावीला त्याने उत्तम गुण मिळविले होते. त्याचे काम विनामूल्य करून दिल्यावर मला आणखी काही करावेसे वाटले, म्हणून मी कपाटातून ‘निवेदन’ काढले, पहिल्या पानावर चार शब्द आशीर्वादाचे लिहिले आणि त्याच्या हाती ठेवले.

पुढे त्याला शहरातील एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पण दिवाळीनंतर तो घरी परतला, तो कायमचा. खोलीचे भाडे आणि खानावळीचा महिना ह्या दोन गोष्टींची तोंडमिळवणी होईना. पुस्तक परत करावयास आला तेव्हा मी नेहमीच्या वळणाने धर्मानंदांचे उदाहरण दिले. त्यावर तो म्हणाला, “वकीलसाहेब, पुस्तक मी पुरतं वाचलं. पण ह्यांना काशीत जेवायला मिळत होतं.”

त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. ग्रंथात जे स्पष्ट लिहिले आहे तेच त्याने वाचले होते. ते मी वाचले नव्हते. त्या रात्री मी ‘निवेदन’ पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास घेतले.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोमंतकातील साखवाळ गावचा. ह्या गावच्या नृसिंहालाही पोर्तुगीज अमदानीत आपले स्थान सोडून वेलिंगला जावे लागले होते. देवाने गाव सोडले ते धर्मरक्षणासाठी. ह्या भक्ताच्या वंशजाने गाव सोडले ते विद्येसाठी. घरात कोंकणी, पोथीत मराठी, आणि शाळा जवळजवळ नाहीच, अशी परिस्थिती होती. विनायक कोंडदेव ओक ह्यांच्या ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख ह्या तरुणाच्या वाचनात आला आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा, त्यासाठी प्रथम संस्कृत शिकावे, असा त्याने निश्चय केला. १८९९ च्या अखेरीस तो घराबाहेर पडला. त्या वेळी त्याचे वय तेवीस होते, वडील वारले होते, आणि घरी तरुण पत्नी व तान्ही मुलगी होती.

येथून पुढे जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते कसे घडले हे पाहण्यासाठी ग्रंथाच्या शैलीकडे लक्ष द्यावयास हवे. ‘निवेदना’ची भाषा साधी, काही ठिकाणी कोरडी वाटेल इतकी साधी आहे. विशेषणे थोडी; उद्गार त्याहून थोडे. कोठे उतरलो, कोणाकडे चिठ्ठी घेऊन गेलो, त्यांनी काय सांगितले, जवळ पैसे किती उरले, हे लेखक एखाद्या वहीत टिपणे करावीत तसे सांगत जातो. काही वाचकांस हा रसहीनपणा वाटला असल्यास नवल नाही. माझ्या मते तोच ह्या ग्रंथाचा मोठा गुण आहे. आत्मचरित्रकाराला आपल्या यशाचे श्रेय घेण्याचा मोह पावलोपावली होत असतो. धर्मानंद तो मोह टाळतात, आणि त्यासाठी विनयाचे प्रदर्शनही करीत नाहीत; ते फक्त देणेकऱ्याप्रमाणे हिशेब लिहितात. वकिलाच्या डोळ्यांनी पाहिले तर ‘निवेदन’ ही एक ऋणांची यादी आहे.

ही यादी आपणही एकदा मांडून पाहू. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी ह्या अनोळखी तरुणास आश्रय व सल्ला दिला. काशीस शास्त्र्यांच्या पायाशी बसून तो संस्कृत शिकला आणि पोटासाठी अन्नछत्रात जेवला. कोलंबोस सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय विद्यालयात त्याला पाली भाषा मिळाली. आणि भिक्षुसंघात प्रवेश केल्यामुळे राहण्याजेवण्याची विवंचनाही मिटली. पुढे कलकत्त्याची चांगल्या वेतनाची नोकरी सोडून महाराष्ट्रात काम करण्याचे त्यांनी मनावर घेतले, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत. त्यानंतर १९१० साली हार्वर्डचे निमंत्रण आले.

प्रत्येक मुक्कामावर विद्या देणारा कोणी भेटला हे खरेच. पण त्याच्याबरोबर, किंबहुना त्याच्या आधी, ताट देणारा कोणी भेटला. जिद्द सर्वत्र तीच होती. घर सोडण्याचे धर्मानंदांचे पहिले काही बेत फसले होते, तेव्हाही जिद्दीत उणेपणा नव्हता. उणे होते ते पुढच्या मुक्कामाचे पान.

आणि ह्या यादीत एक ऋण असे आहे की ज्याचा आकडा ग्रंथात पुरता उतरलेला नाही. ते बाळाबाईंचे. पतीने विद्येसाठी घर सोडले, त्याची किंमत घरी राहिलेल्या स्त्रीने भरली. धर्मानंद ही गोष्ट लपवीत नाहीत. पण तिची बाजू ‘निवेदना’त फारशी ऐकू येत नाही. त्यांची नात मीरा कोसंबी ह्यांनी २०११ साली ह्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. एका विदुषी नातीच्या हातून आजोबांचा ग्रंथ जगापुढे आला, ह्यात त्या ऋणाची थोडीशी फेड झाली असे मी मानतो.

आता अन्नछत्राकडे येऊ. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याच्या पोटाची सोय करण्याच्या तीन जुन्या रीती होत्या. एक माधुकरी, विद्यार्थ्याने झोळी घेऊन घरोघर जावे. दुसरी वार लावून जेवणे. आठवड्याचे सात दिवस सात घरी. तिसरी अन्नछत्र, राजाने वा सावकाराने देवाच्या नावाने कायमची नेमणूक करून ठेवलेली पंगत. ह्या तिन्ही रीतींत अपमान होता, हे माधुकरी मागितलेल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. परंतु त्यांच्या मागे एक सूक्ष्म जाण होती, ती अशी की विद्येची वाट स्वयंपाकघरातून जाते. शिकविणे फुकट असले तरी शिकणे फुकट नसते. आमच्या पूर्वजांना हे उमगले होते. पाठशाळेशेजारी छत्र बांधणाऱ्या माणसाला अर्थशास्त्र शिकविण्याची गरज नव्हती.

मात्र ह्या छत्राला दार होते, आणि त्या दाराशी जात विचारली जात असे. येथे ‘निवेदना’चे वाचन अपुरे पडते, आणि त्याच्या शेजारी दुसरे एक आत्मकथन ठेवावे लागते.

धर्मानंदांहून पंधरा वर्षांनी लहान असलेला एक मुलगा मुंबईत १९०७ साली मॅट्रिक झाला. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. योगायोग पाहण्यासारखा आहे. दोघांनाही बुद्ध प्रथम भेटला तो मराठीतून. एकाला मासिकाच्या पानात, दुसऱ्याला बक्षिसाच्या पुस्तकात. दोघांचीही पुढची वाट बडोद्याच्या तिजोरीने सुकर केली. केळुसकरांच्या खटपटीने सयाजीरावांनी भीमरावांस महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षेपर्यंत दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली.

येथपर्यंत साम्य आहे. भेद ह्यापुढे दिसतो. धर्मानंदांना संस्कृत शिकावयाचे होते. ते काशीस गेले आणि पंगतीत बसून शिकले. भीमरावांनाही संस्कृत शिकावयाचे होते. मुंबईच्या शाळेत त्यांना ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. काशीचे अन्नछत्र तर त्यांच्या स्वप्नातही येण्याचे कारण नव्हते. जगातील एका थोर विद्यापीठात अध्ययन करून ते १९१७ साली संस्थानची नोकरी करण्यासाठी बडोद्यास आले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या छोट्या आत्मकथनात त्यांनी ही हकीकत लिहिली आहे. त्यांच्या निधनानंतर १९९० साली ते पुस्तिकारूपाने निघाले. त्याचीही भाषा ‘निवेदना’सारखीच निरलंकार आहे. साडेअकरा पौंडांनी न्यूयॉर्कमध्ये जे विकत घेता आले, ते बडोद्यात पदवीलाही विकत घेता आले नाही.

‘निवेदना’त हे दृश्य येत नाही, ह्याबद्दल मी लेखकाला दोष देत नाही. पंगतीत बसलेल्याला पंगत दिसते. दाराबाहेरचा माणूस दिसण्यासाठी उठून दारापर्यंत यावे लागते. धर्मानंद पुढे तसे उठून आले, हे त्यांच्या उत्तरायुष्याने सिद्ध केले. मुंबईस परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ काढला. त्या नावातच त्यांनी आपल्या ग्रंथाची उणीव भरून काढली असे म्हणावयास हरकत नाही. टीका करावयाची ती ग्रंथकारावर नव्हे, आपल्या वाचनावर. त्यांच्या चरित्रातून आपण काशीची जिद्द उचलली, परळचा विहार तेथेच ठेवला.

बडोद्याच्या ज्या तिजोरीचा उल्लेख वर आला, तिच्यात आमच्या कामरेजचाही सारा जात असे. बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील हा एक तालुका होता. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. ह्याच नवसारी प्रांतात सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच शाळा काढली होती, आणि त्या शाळेला वसतिगृह जोडले होते. नुसती शाळा काढून रानातली मुले येत नाहीत, त्यांच्या राहण्याजेवण्याची जबाबदारी घ्यावी लागते, हे त्या मराठी राजाला तेव्हाच कळले होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची मालिकाच उभी केली. साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ साली, म्हणजे ‘निवेदन’ निघाले त्याच वर्षी, सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह चालू केले. मुंबईस डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी भरविले. पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीने १९५५ पासून खेड्यातल्या मुलांसाठी हेच व्रत चालविले आहे. महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा जो काही प्रसार झाला, त्याचा इतिहास व्याख्यानगृहांचा जितका आहे तितकाच भटारखान्यांचाही आहे.

ह्यावर एक आक्षेप मला ऐकू येतो. हे सर्व जुने झाले. आता संविधान आहे, राखीव जागा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. सरकार सर्व काही देते, मग देवस्थानांनी व ज्ञातिसंस्थांनी ह्यात का पडावे? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांनी व निवाड्यांनी देतो.

केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार अठरा ते तेवीस ह्या वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील नोंदणीचे एकंदर प्रमाण शेकडा २८.४ आहे; अनुसूचित जातींत ते २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२ आहे. म्हणजे दार पुष्कळ उघडले आहे. पण अजून सारखे उघडलेले नाही. आणि ज्यांच्यासाठी ते उघडले त्यांना आत पाऊल टाकताना काय अडते, हे २०२४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निवाड्यात दिसते. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला, अनुसूचित जातीतील एका विद्यार्थ्याला, धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. ती निश्चित करण्यासाठी १७,५०० रुपये ठराविक मुदतीत भरावयाचे होते. गोळाबेरीज होईपर्यंत मुदत टळली आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील आपला असाधारण अधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला. न्यायालयाचा गौरव करावा तितका थोडाच. पण ज्या देशात १७,५०० रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा असाधारण अधिकार खर्ची पडतो, तेथे त्या मुलाच्या गावी एखादा विश्वस्त, एखादा सावकार, एखादे देवालय दोन दिवस आधी जागे असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आमच्या कोयत्याच्या मुलाची अडचण ह्याहून गुंतागुंतीची होती. एका राज्यात अनुसूचित असलेली जात वा जमात दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर तो दर्जा आपल्याबरोबर नेऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव ह्यांच्या खटल्यात दिला. तेही प्रकरण मुंबईतील वैद्यकीय प्रवेशाचेच होते. २०१८ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने हाच दंडक पुढे चालविला. त्यामागील तर्क मला मान्य आहे: मागासपण हे त्या त्या प्रदेशातील सामाजिक स्थितीवरून ठरते. परंतु त्याचा परिणाम असा की, नंदुरबारच्या ऊसतोड्याचा मुलगा कामरेजला शिकला तर गुजरात राज्याच्या सवलती त्याला मिळत नाहीत, आणि महाराष्ट्रात जावे तर त्याची शाळा तिकडची नसते. केंद्रीय संस्थांत त्याचा हक्क शाबूत राहतो हे खरे. पण बारावी झालेला ऊसतोड्याचा प्रत्येक मुलगा आयआयटीत जातो असे नाही. कायद्याने त्याला नाकारले असे कोणी म्हणणार नाही. तो फक्त दोन कायद्यांच्या मधल्या बांधावर उभा राहतो. बांधावर कोणाचेच पीक नसते.

आणि जेथे हक्क निर्विवाद आहे, तेथेही खर्चाचे मुख्य कलम कोणते? महाराष्ट्र शासनाने वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. तीत मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यात आले: भोजनास ३२,०००, निवासास २०,००० आणि निर्वाहास ८,०००. निम्म्याहून अधिक रक्कम भोजनाचीच. काशीच्या छत्राचा जो हिशेब होता, तोच शासनाच्या टिपणीत शंभर वर्षांनी पुन्हा उतरला आहे. ‘ह्यांना काशीत जेवायला मिळत होतं’ ह्या एका वाक्यात त्या मुलाने तो मला तोंडी सांगितला होता.

आता देवस्थानांविषयी. मी ह्या विषयावर बोलतो तेव्हा काही विश्वस्त मला कायद्याचे भय दाखवितात: देवाचा पैसा शिक्षणाकडे वळविता येत नाही. ह्यात तथ्य आहे. म्हणूनच ते नीट समजून घ्यावे. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, धार्मिक न्यासाचा मूळ हेतू पार पाडणे शक्य असता त्याचा पैसा सरकारने वा न्यायालयाने दुसऱ्या ऐहिक कार्याकडे वळविणे संविधानाला धरून नाही. हा निर्णय १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमावर झाला, आणि तोच कायदा आज नाव बदलून महाराष्ट्रात व गुजरातेतही चालू आहे. म्हणजे देवाच्या पैशाला बाहेरून हात लावण्याची सोय कायद्याने मुद्दामच ठेवलेली नाही. पण ह्याचाच दुसरा अर्थ असा की, जे करावयाचे ते भक्तांनीच आपण होऊन करावयाचे आहे. ‘सरकारने भाग पाडले’ ही सबब त्यांना कधीच मिळणार नाही. गोमंतकातील देवस्थाने तर १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजनांच्याच हाती आहेत.

शिवाय हेतू बदलण्याची गरज काय? अन्नदान हा आपल्या बहुतेक देवस्थानांचा मान्य आणि जुना हेतू आहे. उत्सवाच्या चार दिवसांत हजारो पाने उठतात. विद्यार्थी हा अन्नदानाला पात्र नाही असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? उलट, आपल्या जुन्या छत्रांचे मुख्य पाहुणे दोनच होते, एक यात्रेकरू आणि दुसरा विद्यार्थी. पहिल्याला आपण सांभाळले, दुसऱ्याला विसरलो.

दाराचा प्रश्न उरतो. मुल्कीचे श्री वेंकटरमणाचे देवालय आपल्याच गौड सारस्वत ज्ञातीचे. सर्व हिंदूंना त्याचे दार उघडावे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि १९५७ साली न्यायालयाने, काही विशिष्ट विधींपुरता ज्ञातीचा अधिकार राखून, दार सर्वांना उघडे केले. त्या वेळी आपल्यातील पुष्कळांना तो पराजय वाटला. आज देवदर्शनाला येणाऱ्याची जात कोणी उघडपणे विचारीत नाही, आणि देवाचे काही उणे झालेले नाही. पण आपली विद्यार्थी वसतिगृहे, आपले शिक्षण निधी, आपली पारितोषिके ह्यांच्या अर्जावर ‘ज्ञातीचे नाव’ ही ओळ अजून असते. ज्ञातीने ज्ञातीसाठी निधी ठेवावा ह्याला कायद्याची हरकत नाही. आणि अशाच निधींनी आपल्यातल्या गरिबांची मुले शिकली, त्यांत वकीलही झाले. त्या उपकाराची मला आठवण आहे. पण शंभर वर्षांपूर्वी जी गरज होती ती आता आपल्यात तेवढी उरलेली नाही. ती देवळाच्या पायरीखाली, उसाच्या फडात उतरली आहे. गरज जेथे गेली तेथे निधीनेही जावे.

मी मोठी योजना सुचवीत नाही. शहरातील देवस्थानांनी वर्षभर, दोन्ही वेळ, गरीब विद्यार्थ्यांची पंगत चालवावी, आणि तीत ज्ञात विचारू नये. प्रवेशाच्या दिवसांत, जून ते ऑगस्टमध्ये, मुदतीच्या आत भरावयाच्या रकमेसाठी बिनव्याजी हातउसने देणारा एक छोटा फंड ठेवावा. शिष्यवृत्ती उशिरा येते, पण येते, तेव्हा ती रक्कम बहुधा परतही येईल. आणि देताना सत्कार, छायाचित्र व दारिद्र्याची कहाणी मागू नये. माधुकरीचा अपमान तेवढा वगळावा आणि तिच्यातली जाण तेवढी ठेवावी. ह्यापलीकडे सरकारला त्याच्या कर्तव्याची आठवण देण्याचे काम चालू ठेवावेच. दान हे हक्काच्या जागी बसवावयाचे नाही, हक्क पदरी पडेपर्यंत माणूस उपाशी राहू नये एवढ्यासाठी ते आहे. सयाजीरावांची शिष्यवृत्ती हाती असताना भीमरावांना बडोद्यात खोली मिळाली नाही, कारण पैसा राजाने दिला होता आणि खोली समाजाने द्यावयाची होती. राजाचे काम आज संविधानाने पत्करले आहे. समाजाचे काम अजून समाजाकडेच आहे.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामास धर्मानंदांनी अन्नत्याग करून देह ठेवला. ज्या पुरुषाने छत्रातील पानावर विद्या मिळविली, त्याने अखेरीस अन्नाचाही मोह ठेवला नाही. हा त्यांचा अधिकार होता. दुसऱ्याच्या मुलाला उपाशी ठेवून त्याला जिद्दीचा उपदेश करण्याचा अधिकार मात्र त्यांच्या चरित्रातून कोणालाही मिळत नाही.

तो तरुण सध्या हिरे घासण्याच्या कारखान्यात आहे. त्याने परत केलेली ‘निवेदना’ची प्रत माझ्या मेजावर आहे. पहिल्या पानावर मी लिहिलेला आशीर्वाद मी खोडलेला नाही. रस्त्यात भेट झाली की अजून मीच अगोदर नजर वळवितो.